थरथरत्या रेषेचे सात रांजण

१

सातच्या सात फुटले होते! थांबा, मधे कुणी बोलू नका, नाहीतर मी नेहमीसारखी शेवट आधी सांगून टाकीन.

तर मी दुपारी बाजारातून ब्रश घेऊन परत आले, कारखान्याचं दार ढकललं, आणि पाय टाकायला जागाच नाही. जमिनीवर नुसता खापऱ्यांचा खच. त्यावर कुणीतरी पांढऱ्या मातीच्या घोळाची अख्खी बादली ओतलेली. आणि त्या चिखलाच्या मधोमध ताई मांडी घालून बसलेली, कोपरापर्यंत पांढरी.

मी किंचाळले, "ताई! कुणी केलं हे?"

तिने वर पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "मी आत झोपले होते. बाहेर आले तर हे असं. मला काही आठवत नाही, धांदल. म्हणजे मीच केलं असणार."

धांदल म्हणजे मी. का म्हणतात ते आता कळलंच असेल.

आमचा कारखाना मातीकामाचा. मालक दादा. चाक फिरवावं तर दादानेच. रोज पहाटे, आम्ही डोळे चोळत असतो तेव्हा ह्याची माती मळून तयार. ताई त्याची धाकटी बहीण. तिला चाकावर बसवलं दादानेच. ऑर्डरी आणि गिऱ्हाईकं वहिनी सांभाळते, म्हणजे दादाची बायको. माडीवर त्यांचं घर, खाली कारखाना. आणि मी शिकाऊ. माझा रांजण अजून गळ्यापाशी आला की बसकण मारतो.

ताईला आजार आहे, तोही लपवलेला नाही. आधी महिनाभर झोपच नाही, डोक्यात शंभर कल्पना, भिंतीवर चित्रं, पहाटे गाणी. मग एकदम खाली. अंथरुणातून उठणंच नाही. एका वरच्या फेरीत तिने कपाटभर भांडी फोडली होती आणि नंतर तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. त्यानंतर डॉक्टर आल्या, गोळ्या सुरू झाल्या, घर जरा शांत झालं.

मग तिने हे सात रांजण केले. छातीएवढे उंच. पांढरी माती, आणि अंगभर कोरलेली एकच रेष, गळ्यापासून तळापर्यंत गोल गोल उतरत जाणारी. ती रेष थरथरायची. काय सांगू, बघितली की नजर निघायची नाही. मोठ्या प्रदर्शनाचे लोक आले, रेषेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे वेड लागल्याशिवाय येत नाही." आणि अख्खा हॉल एकट्या ताईला दिला.

जळफळाट झाला, खरं सांगते. माझा झाला. आणि मी तर त्या कारखान्यातली सगळ्यात कमी जळणारी होते.

दादा अंगणातून धावत आला. खापऱ्या पाहिल्या, ताईला पाहिलं, कपाळावर हात मारला. "फोन कर डॉक्टरांना. हिला आजच्या आज दाखल करायला हवं."

"कर," ताई म्हणाली. "ह्या हातांनी हे केलं असेल तर मी पुन्हा मातीला हात लावणार नाही. तुम्ही दिलीत तरी नाही."

एवढं बोलून ती उठली आणि बॅग भरायला गेली.

२

डॉक्टर आल्या त्या शिंकतच. मातीची धूळ त्यांना सोसत नाही. नाकाला रुमाल, चालणं तुरुतुरु, आणि बोलणं असं की आपण काय लपवतोय ते आपल्यालाच आठवावं.

तोवर दादाने फावड्याने सगळ्या खापऱ्या पोत्यात भरल्या होत्या. "धांदल, हे नेऊन टाक लांब. तिच्या डोळ्यांसमोर नको."

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाल्या. पोत्यातून एक खापरी उचलली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. "आठवण म्हणून."

दादा म्हणाला, "डॉक्टर, आता हिला न्या. सही कुठे करायची ते सांगा."

"सही उद्या सकाळी. आज मी प्रश्न विचारणार. आणि उत्तर सापडलं नाही तर ती माझ्याबरोबर गाडीत बसेल. चालेल ना, ताई?"

बॅग धरून दारात उभी असलेल्या ताईने मान हलवली. चेहरा असा की तिला उत्तर सापडायलाच नको होतं. सापडलं आणि ते तिचंच नाव निघालं तर?

पोतं माझ्या खांद्यावर. जड! पण मला टाकवेना. म्हटलं, घोळ धुऊन काढू, तुकडे जुळवू, एखादा तरी रांजण उभा राहील आणि ताई म्हणेल, वा धांदल. म्हणून मी गुपचूप मागच्या टबात पाणी भरलं आणि सगळ्या खापऱ्या भिजत घातल्या. कुणाला सांगितलं नाही. म्हणजे मी! मी कुणाला काही सांगितलं नाही!

३

डॉक्टरांनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. मी पाणी द्यायच्या निमित्ताने प्रत्येक वेळी आत.

"तिच्याकडे असं काय आहे, जे तुम्हाला हवंय?"

वहिनी आधी चिडली. "मला कशाला काय हवं असेल? मी घर आणि कारखाना दोन्ही ओढते. पांढरी माती बघा, आत्ता आत्ता पोती आणली, लगेच तळाला गेली. कुणाला पडलंय? मलाच बघायचं." मग अचानक तिचा आवाज उतरला. "मला ताप आला तर म्हणतात, गोळी घे आणि पड जरा. हिची झोप उडाली की सगळं घर जागं. माझा नवरा तिच्या उशाशी. मला ते हवंय, डॉक्टर. एकदा तरी मी आजारी पडावं आणि सगळ्यांनी धावावं."

"दुपारी तुम्ही माडीवर होतात. फुटण्याचा आवाज आला?"

"तेच तर! नाही आला. इथे साधा कप फुटला तरी मला वर खळ्ळकन ऐकू येतं. झोपलेही नव्हते, भाजी निवडत होते."

डॉक्टर शिंकल्या आणि पुढे गेल्या.

मग सर. सर म्हणजे दादाचे गुरू, म्हातारे, बोटं सांध्यांशी सुजलेली. पूर्वी त्या हॉलमध्ये दरवेळी त्यांचंच प्रदर्शन असायचं. यंदा त्यांना साधं विचारलंसुद्धा नाही. आणि त्यांच्या चपलेच्या टाचेला काय होतं सांगा? पांढरा घोळ, सुकलेला! मी पाण्याचा पेला टेबलावर आपटलाच.

"सर, चप्पल!" माझ्या तोंडून गेलं.

सरांनी खाली पाहिलं. लाजले. एवढा मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखा लाजला. "आलो होतो दुपारी. कुणी नसताना ती रेष एकदा हाताने बघायची होती. आलो तर सगळं फुटलेलं."

"मग हाक का नाही मारलीत कुणाला?"

"कारण मला आनंद झाला, डॉक्टर." त्यांनी डोळे मिटले. "ते तुकडे बघून आत कुठेतरी इतकं बरं वाटलं, की मला माझीच भीती वाटली. तसाच पळालो. विचारताय ना मला काय हवंय? ती रेष. हे हात चालत होते तेव्हा मी ती का नाही ओढली?"

आणि शेवटी दादा. तो हसलाच. "तिचं काय हवंय? आजार! दोन थेंब मलाही द्या ना, डॉक्टर. मी आयुष्यात एक दिवस आडवा झालो नाही. पहाटे उठतो, माझं भांडं कधी वाकडं होत नाही. सगळे म्हणतात, वा, किती नीट. नीट! हिला वेड लागलं आणि लगेच तिच्या हातून ते उतरलं. आम्ही शहाणे राहिलो, चुकलंच आमचं."

आम्ही सगळे हसलो. डॉक्टर नाही हसल्या.

तेवढ्यात बाहेरून वहिनीची हाक आली. "इकडे या! लवकर या! हे बघा काय सापडलं!"

४

ओल्या मातीच्या पिंपात गोळ्या. ताईच्या गोळ्या, मूठभर, चिखलात रुतवलेल्या.

"म्हणजे ती गोळ्या घेतच नव्हती," दादा म्हणाला. "मला वाटलंच होतं. मग दुसरं काय होणार?"

ताई त्या गोळ्यांकडे बघत राहिली. "मी घेते. रोज घेते. घेते ना, वहिनी?"

"मी हातावर ठेवते, बाई. तू गिळतेस की थुंकतेस ते मी कसं सांगू?"

ताई भिंतीला टेकली. म्हणाली, "चला, डॉक्टर. आत्ताच चला. उद्या कशाला?"

आता डॉक्टरांनी काय करावं? चहा मागितला! मी म्हटलं, गेलं, ह्या बाईंचं पण डोकं गेलं. चहा आला तर त्यांनी तो ताईच्या हातात दिला. "धर जरा. पिऊ नकोस. नुसता धर, हात लांब करून."

कप ताईच्या हातात. चहावर बारीक बारीक लाटा. बशी किणकिणत होती.

"ही थरथर कधीपासून?"

"गोळ्या सुरू झाल्यापासून. तुम्हीच म्हणालात, काहींना होते."

"होते. आणि गोळ्या बंद केल्या की काही दिवसांत जाते." त्यांनी कप काढून घेतला आणि स्वतः घोट घेतला. "उद्या रक्त तपासून पक्कं करू. पण मी इतकी वर्षं असे हात बघतेय. ही मुलगी गोळ्या घेतेय. पिंपातल्या कुणीतरी आणून टाकल्यात, आपल्याला सापडाव्यात म्हणून."

वहिनीने हातातल्या चिखलाने माखलेल्या गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि मागे सरकली.

"आणि ताई, वेडाच्या दिवसांत तू काय केलंस? त्या वरच्या फेरीत?"

ताईने कोपऱ्यातल्या फळीकडे बोट केलं. त्यावर अर्धवट भांडी. बूड आहे तर गळा नाही, गळा आहे तर बूड गायब. "शंभर सुरू केली. एक पुरं झालं नाही."

"आणि रांजण?"

"ते गोळ्या सुरू झाल्यावर. हात हलायला लागला. सरळ रेष येईना. आधी रडले. मग म्हटलं, हलतोय तर हलू दे. जिथे हलेल तिथे मी त्याच्याबरोबर जाईन."

दादाचा चेहरा त्या क्षणी मी पाहिला. तसा मी तो कधी पाहिला नव्हता. जणू कुणी त्याच्या हातातून काहीतरी काढून घेतलं आणि ते मुळात तिथे नव्हतंच.

पण तेव्हा मला काय कळणार होतं? मला वाटलं, दादाला बहिणीची कणव आली.

५

सकाळी मी टबापाशी गेले आणि बोंबच मारली.

खापऱ्या नव्हत्या. टबात नुसता गाळ! हात घातला तर कोपरापर्यंत मऊ चिखल, बोटाला एक कडा लागेना. मी धावत कारखान्यात. डॉक्टर नुकत्याच आल्या होत्या, ताई बॅग घेऊन बाकावर बसलेली.

"मी वाट लावली! मी पुरावा घालवला! मला जुळवायचे होते म्हणून पाण्यात टाकले आणि सगळे विरघळले!" मी भोकाड पसरलं.

"रडू नकोस," डॉक्टर म्हणाल्या. "माती पाण्यात विरघळणारच की."

"कच्ची विरघळते! भाजलेली कशी विरघळेल? आणि रांजण तर भाज…"

माझं तोंड उघडंच राहिलं.

अहो, रांजणांची पहिली भाजणी झाली होती! माझ्या हातांनी मी ते भट्टीतून काढले होते, अजून कोमट होते. भाजलेली माती पुन्हा कधी चिखल होत नाही. शंभर वर्षं पाण्यात ठेवा, खापरी ती खापरीच.

ताई हळूहळू उठून उभी राहिली. "मग फुटले ते…"

"तुझे नव्हतेच," डॉक्टर म्हणाल्या. आता त्या शिंकायचं पण विसरल्या होत्या. "मला मातीतलं कळत नाही. धांदल, तू सांग. कच्चं भांडं फुटलं तर आवाज कसा?"

"धप्प. ढेकूळ फुटल्यासारखा. भाजलेलं खळ्ळकन फुटतं. म्हणून वहिनीला ऐकू आलं नाही!"

"आणि तुकडा हातात घेतला तर ओळखू येतो?"

"कडेवरून लगेच! कच्ची कडा राखाडी, भाजलेली गुलाबी. पण सगळ्यावर पांढरा घोळ…" मी पुन्हा थांबले. "त्यासाठीच ओतला होता! वेडाच्या भरात नाही. कडा झाकायला!"

डॉक्टरांनी पर्स उघडली. रुमालात निम्म्या खापरीचा भुगाच झाला होता, पण एक तुकडा शाबूत होता. घोळ पुसला गेलेला. कडा राखाडी. त्यांनी तो ताईपुढे धरला. "ही रेष तुझी?"

ताईने तुकडा उजेडात नेला. वर केला, खाली केला, नखाने रेष चाचपली. "नाही. माझा हात कुठे दम घेतो तिथे जास्त हलतो, पळतो तिथे कमी. ही थरथर सगळीकडे सारखी आहे. शिलाई मशीन मारल्यासारखी. अगदी…" ती थांबली. "अगदी नीट आहे."

नीट.

आम्ही सगळ्यांनी एकदमच मान वळवली. पण दादा तिथे नव्हता.

६

तो अंगणात होता, मोठ्या भट्टीपुढे.

आता हे नीट ऐका, कारण हे मातीवाल्यांशिवाय कुणाला कळायचं नाही. भट्टी भरली की तिचं दार विटांनी चिणतात. आणि एकाने चिणलेलं दार दुसऱ्याने उघडायचं नाही. कधीच नाही. वारा लागला तर आतलं सगळं तडकेल, म्हणून लहानपणापासून हे अंगात भिनवलेलं. दोन दिवसांपूर्वी दादाने दार चिणलं होतं, म्हणाला होता, पुढच्या ऑर्डरीचा माल आहे. आम्ही त्या बाजूला बघतसुद्धा नव्हतो.

पण डॉक्टर मातीवाल्या थोड्याच! सरळ विचारलं, "ह्यात काय आहे?"

"भरलेली आहे," दादा म्हणाला. "हात लावायचा नाही."

"पेटवली का नाही मग?"

काय उत्तर देणार? भट्टी पेटली की लपत नाही. धग शेजाऱ्यांच्या भिंतीपर्यंत जाते. म्हणून तर त्याला ते नकली रांजण भाजता आले नव्हते. पहाटे, आम्ही झोपेत असताना, पांढऱ्या मातीची पोती संपवत एक एक करून सात घडवले. आणि ताईची सवय अशी की भाजणीनंतर ती आपलं काम काही दिवस कापडाखाली झाकून ठेवते, नव्या नजरेने बघायला. कापडाखाली अदलाबदल कुणाला दिसणार?

सरांची बोटं वळत नाहीत. वहिनीला चाक येत नाही. माझं तर तुम्हाला ठाऊकच आहे. ताईची रेष नाही. उरलं कोण?

"दादा," ताई म्हणाली. "दार उघड."

तो हलला नाही.

मग ताईनेच वीट काढली. स्वतःच्या थरथरत्या हाताने, दुसऱ्याने चिणलेल्या दाराची वीट! एक, मग दुसरी, मग मीही लागले. आत उजेड गेला आणि त्या अंधारात सातही गळे दिसले. एकाला ओरखडा नव्हता. प्रत्येकाभोवती जुनं मऊ कापड गुंडाळलेलं, लहान पोराला थंडीत गुंडाळतात तसं.

ताई खाली बसली. रडली नाही. स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत राहिली. "मी नाही केलं," एवढंच म्हणाली. "मी नाही केलं. मी नाही."

वहिनीने दादाकडे पाहिलं. "अहो, का?"

"फोडणार होतो," दादा म्हणाला. आवाज फाटलेला. "खरे फोडणार होतो. हातोडी उचलली होती. फोडता नाही आलं. मग म्हटलं, माझे फोडीन. माझे फोडताना काही वाटलं नाही. पिंपात गोळ्याही मीच टाकल्या." तो भट्टीला पाठ लावून उभा राहिला. "मी तिला चाक शिकवलं. तिच्या उशाशी मी बसलो. आणि सगळे म्हणाले, हे वेडातून आलं. मला वाटलं, हिला दाखल केलं की लोक म्हणतील, बघा, वेडच ते. आणि इथे काही दिवस तरी फक्त माझी भांडी असतील. वेड मला कुठून आणता आलं असतं? म्हणून ती थरथर शिकलो. महिनोन्‌महिने. येतच नव्हती."

"येणार नव्हतीच," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही वेडाची नक्कल करत होतात. ती थरथर वेडाची नाही, औषधाची आहे. आणि रेष औषधाचीही नाही. असे हलणारे हात माझ्याकडे कितीतरी येतात. त्यातल्या कुणी रांजण नाही केला."

दादा खाली बघत राहिला.

मग डॉक्टर ताईकडे वळल्या. "एक प्रश्न राहिला. सगळ्यांना विचारला, तुला नाही विचारला. तुला कुणाचं काय हवंय?"

ताईने उत्तर द्यायला वेळच घेतला नाही. तोंडाशीच होतं ते, किती वर्षांपासून कोण जाणे.

"दादाचा हात. न हलणारा. चहाचा कप सांडेल म्हणून मी लोकांसमोर चहा घेत नाही. रोज त्याला माती मळताना बघते आणि जळते. इतकी जळते की तिकडे बघवत नाही."

दादाने मान वर केली. आणि तो दणकट माणूस तिथेच विटांच्या ढिगावर बसला आणि हुंदके देऊन रडला.

तुम्हाला वाटेल, ताईने त्याला जवळ घेतलं. छे! तिने बॅग उघडली, कपडे बाहेर काढले, माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "वर ठेव." मग दादापुढे उभी राहिली. "भट्टी तूच लाव. तुझ्यासारखी कुणाला येत नाही. पण ह्यापुढे दार मी चिणणार. आणि उघडणारही मीच."

"हं," दादा म्हणाला.

"आणि टबातली माती फेकू नकोस. सात रांजणांची आहे. तुझ्या हाताने काहीतरी कर तिचं. माझ्या नको."

रांजण प्रदर्शनाला गेले. लोक अजून बोट फिरवतात आणि म्हणतात, वेड लागल्याशिवाय येत नाही. ताई चहाचा कप उचलते, त्यांच्यासमोर, सांडेपर्यंत, आणि म्हणते, "गोळी घेतल्याशिवाय येत नाही." मग त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

दादा पहाटे उठतो. टबातली माती मळतो, चाकावर चढवतो, मोडतो, पुन्हा मळतो. अजून काही ठेवलेलं नाही. ताई आता तिकडे बघते. मी दोघांकडे बघते आणि जळते.

काल माझा रांजण गळ्यापर्यंत उभा राहिला. दार ताईने चिणलंय. उघडेपर्यंत मला कुणी काही विचारू नका.